खुर्दा

एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये एक कॅपेसिटर असतो. चंदेरी, गोल, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीएवढा. डोक्यावर तीन पिना आणि त्यांना जोडलेल्या रंगीत वायरी. कंप्रेसर सुरू होताना त्याला जो धक्का लागतो तो हा देतो. उन्हाळ्यात सगळ्यांत आधी मरतो तोही हाच. उष्णतेनं फुगतो, डोक्यावर टेंगूळ येतं आणि एसी नुसता हूं हूं करत बसतो. मेलेला काढायचा, नवा लावायचा आणि मेलेला खिशात टाकायचा, कारण जुना जमा केल्याशिवाय स्टोअरवाला नवा देत नाही. असे हजारभर तरी कॅपेसिटर मी आजवर बदलले असतील.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये, अफगाणिस्तानात कंदाहारच्या लष्करी तळावर, रात्री साडेदहाच्या सुमाराला माझ्या पँटच्या मांडीवरच्या खिशात असे दोन मेलेले कॅपेसिटर होते. त्या रात्रीबद्दल मी घरी कधी पूर्ण बोललो नाही. आई होती तोवर तर अजिबात नाही. तिच्या लेखी मी कुवेतलाच होतो.

मी चिपळूण तालुक्यातला. दहावीनंतर आयटीआयला एसी-फ्रिजचा ट्रेड घेतला, मुंबईत काही वर्षं दुरुस्तीची कामं केली, मग कुवेत. आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात असतो, त्यामुळे त्यात कोणाला नवल वाटलं नाही. घर बांधायला काढलं होतं. चिऱ्याच्या भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत येऊन थांबल्या होत्या आणि दर पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ चढत होतं. अफगाणिस्तानातल्या तळांवर एसीवाल्यांना जवळजवळ दुप्पट पगार मिळतो असं कुवेतमध्ये कानावर आलं तेव्हा डोळ्यांसमोर त्या भिंतीच आल्या. एजंटाला पैसे भरले आणि मार्च २०११ मध्ये दुबईहून कंदाहारच्या विमानात बसलो.

कंदाहार हे नाव आमच्या पिढीला कसं माहीत झालं ते सांगायला नको. डिसेंबर १९९९. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ हे विमान २४ तारखेला पळवलं, अमृतसर, लाहोर, दुबई करत ते कंदाहारला नेऊन उभं केलं आणि ३१ तारखेपर्यंत ते तिथेच होतं. शेजारच्या काकूंच्या घरी सगळी आळी टीव्हीसमोर बसलेली असायची. नुकतंच लग्न झालेल्या एका तरुण प्रवाशाला मारलं हे कळल्यावर काकूंनी टीव्हीवर पदर टाकला होता, देवाच्या तसबिरीवर टाकावा तसा. त्याच धावपट्टीवर मी उतरलो. उतरताना बाकी काही आठवलं नाही, तो पदर आठवला.

हा विमानतळ गावापासून सोळा-सतरा किलोमीटरवर आहे. दोन वर्षांहून अधिक काळ मी तिथे राहिलो, पण कंदाहार शहर पाहिलं नाही. आमच्यासारख्यांना तळाबाहेर जायची परवानगीच नव्हती. आतला तळ हेच एक शहर होतं: निरनिराळ्या देशांचे सैनिक, लाकडी फळ्यांचा चौक आणि त्याच्या चारी बाजूंना दुकानं, मधोमध कॅनडाच्या सैनिकांनी बांधलेलं हॉकीचं मैदान. आणि सांडपाण्याचं ते प्रसिद्ध तळं. वारा तिकडून आला की घास घशाखाली उतरायचा नाही. रॉकेट आलं की भोंगा वाजायचा. आहे तिथे पालथं पडायचं, दोन मिनिटं तसंच राहायचं, मग जवळच्या बंकरात जायचं आणि सगळं ठीक असल्याची सूचना होईपर्यंत बसायचं. पहिल्या महिन्यात मी दर वेळी रामरक्षा म्हणायचो. पुढे पुढे बंकरात डुलकी लागायला लागली.

आम्हाला तिथे ‘टीसीएन’ म्हणत. तिसऱ्या देशाचे नागरिक. पहिला देश ज्यांचं सैन्य त्यांचा, दुसरा ज्यांची जमीन त्यांचा, आणि आम्ही तिसरे: भारतातले, नेपाळचे, फिलिपिन्सचे, श्रीलंकेचे, केनियाचे. जेवण रांधणारे, कपडे धुणारे, संडास उपसणारे, जनरेटर चालवणारे, एसी दुरुस्त करणारे. मी गेलो त्याच महिन्याचा अमेरिकी संरक्षण खात्याचा हिशेब मी नंतर वाचला. अफगाणिस्तानात तेव्हा अमेरिकेचे लाखाला थोडे कमी सैनिक होते आणि त्यांच्यासाठी काम करणारे कंत्राटी लोक सुमारे ९० हजार. म्हणजे जवळजवळ सैनिकामागे एक माणूस. त्या ९० हजारांतले निम्मे अफगाणच होते, आणि चौथा हिस्सा आम्ही तिसरे.

आमच्या खोलीत आठ जण. माझ्या खालच्या खाटेवर राजापूरचे एक गृहस्थ होते, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना भाई म्हणायचे. इलेक्ट्रिशियन. ते मला अरेतुरे करायचे, मी त्यांना अहोजाहो. शुक्रवारी ते नमाजाला जायचे, गणपतीत मी कागदावर गणपती काढून भिंतीला लावायचो आणि आरतीला टाळ्या वाजवायला भाई असायचेच. परदेशात कोकणातला माणूस भेटला की आधी पावसाची चौकशी होते, मग आंब्याची, मग माणसांची. आमचं तसंच होतं. आपल्या घरच्या मोहरीच्या फोडणीचा वास आठवून आम्ही दोघं एकदा रडलो आहोत, हे मी इथे लिहितो, कारण पुढे जे लिहायचं आहे त्याला ते लागतं.

आणि काका. काका म्हणजे आमच्या गाडीवर मदतीला येणाऱ्या चार अफगाण मजुरांतले सगळ्यांत वयस्क. पश्तूतही काकाला काकाच म्हणतात. हे कळलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी तो शब्द उगाचच दिवसभर वापरत राहिलो. काकांनी तरुणपणाची बरीच वर्षं निर्वासित म्हणून क्वेट्ट्यात काढली होती, त्यामुळे मोडकीतोडकी उर्दू यायची आणि आमचं बोलणं त्यात व्हायचं. पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेलं राखाडी कापड, हातात सतत फिरणारी माळ. जुनं युनिट छपरावरून उतरवायचं असलं की तरुण पोरं घाई करायची आणि काका दोरीला कुठे गाठ मारायची ते शांतपणे दाखवायचे.

स्थानिक मजुरांना तळावर एकट्यानं फिरता येत नसे. गेटवर कसून झडती, मग त्यांच्यासोबत कायम एक जण. आमच्या गाडीवर तो एक जण म्हणजे मी. एक रजिस्टर असायचं. सकाळी लिहायचं ‘आत ४’, संध्याकाळी ‘बाहेर ४’, आणि सही. नावं नाहीत, आकडा. ते लघवीला गेले तरी मी दाराशी उभा राहायचो. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस आत आणि मी बाहेर घड्याळ बघत. पहिल्या दिवशी लाज वाटली. मग त्याचीही बंकरातल्या झोपेसारखी सवय झाली.

त्यांच्याकडून काही घेऊन खायचं नाही अशीही आम्हाला ताकीद होती. २०११ च्या पानगळीत काकांनी घरच्या झाडाचं डाळिंब आणलं होतं. कंदाहारचं डाळिंब म्हणजे काय ते पाहिल्याशिवाय कळणार नाही: नारळाएवढं, साल गर्द लाल, हातात धरलं की जड. मी ‘नको’ म्हणालो, पोट बिघडलंय असं कारण सांगितलं. काकांनी ते परत कापडात गुंडाळलं. त्यांना कारण ठाऊक होतं, मला ते ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

२०१२ हे वर्ष सुरुवातीपासूनच वाईट होतं. मार्चमध्ये कंदाहार प्रांतातल्याच पंजवाईत एका अमेरिकी सैनिकानं रात्री तळाबाहेर पडून सोळा गावकऱ्यांना मारलं, त्यांत लहान मुलंही होती. त्यानंतर काका दोन दिवस आले नाहीत. आले तेव्हा काही बोलले नाहीत, मीही काही विचारलं नाही. दुसरीकडे अफगाण गणवेशातल्या माणसांनी सोबतच्याच परदेशी सैनिकांवर गोळ्या झाडल्याच्या बातम्या दर आठवड्याला येत होत्या. ऑगस्टमध्ये हुकूम निघाला की नाटोच्या सगळ्या सैनिकांनी तळाच्या आतसुद्धा भरलेलं शस्त्र जवळ बाळगायचं. भोजनगृहात ताटाशेजारी बंदूक आधीही असायची, आता तिच्यात गोळ्या होत्या. आणि १४ सप्टेंबरच्या रात्री शेजारच्या हेलमंद प्रांतात बॅस्टियनच्या तळावर पंधरा तालिबान कुंपण तोडून आत घुसले. दोन मरीन सैनिक मारले गेले, सहा हॅरियर विमानं जळाली. ते पंधरा जण अमेरिकी सैन्याच्या गणवेशात आले होते.

ही बातमी आमच्या तळावर पोचली तेव्हाचं वातावरण मला अजून अंगावर जाणवतं. गणवेश घालून शत्रू आला होता. पण गणवेशातल्या माणसाकडे संशयानं पाहणार तरी कसं, तिथे सगळेच गणवेशातले. नजर वळली ती आमच्याकडे. गणवेश नसलेले, दाढी वाढलेले, सावळे, हातात पिशव्या आणि हत्यारं घेऊन सगळीकडे फिरणारे.

त्यानंतर आठवड्याभरानं ती रात्र आली. संध्याकाळी दोन युनिटचे कॅपेसिटर बदलून झाले होते, जेवण झालं होतं, तेवढ्यात एक तक्रार आली. नव्यानं आलेल्या एका तुकडीच्या निवासाचा एसी गार करत नाही. अफगाण मजूर दिवस मावळण्याआधीच बाहेर गेलेले, जोडीदार तापानं पडलेला, म्हणून एकटाच गेलो. बाहेरचं युनिट मागच्या बाजूला, निवास आणि काँक्रीटची उंच भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या बोळात. उजेड नाही. कपाळाला दिवा बांधून मी बसलो. फ्लेअर नट सैल पडून गॅस गेला होता. तो घट्ट केला, गेज लावलं, पंप लावून नळीतली हवा खेचायला सुरुवात केली. शेजारी गॅसची गुलाबी बाटली, तिच्यातून गेजला गेलेली नळी, गेजपासून युनिटला गेलेल्या लाल आणि निळ्या नळ्या. बॅज मी शर्टाच्या आत सरकवला होता. लोंबती दोरी पंख्यात सापडू नये म्हणून प्रत्येक एसीवाला हेच करतो, शिकवताना हेच शिकवतात.

व्हॅक्यूम पंपाचा आवाज मोठा असतो. माझ्या मागे कोणी तरी ओरडत होतं ते मला ऐकू आलं नाही. किती वेळ ओरडत होतं कोण जाणे. बोळात अचानक पांढरा उजेड पडला तेव्हा मी वळलो. उजेडापलीकडे माणसं दिसत नव्हती. आवाज ऐकू येत होते, तरुण, चिरकलेले. आणि मी त्या क्षणी जे केलं त्याहून वाईट काही करता आलं नसतं. बॅज दाखवावा म्हणून मी शर्टात हात घातला.

बोळ ओरडण्यानं भरून गेला. बंदुकीचा एक आवाज असतो, गोळी सुटण्याआधीचा, लोखंडावर लोखंड सरकल्याचा. तो ऐकला. हात होता तिथेच राहिला, पुढे नाही, मागे नाही. तो हात मी थांबवला म्हणून मी आज हे लिहितोय असं लोक म्हणतील. मला आठवतं ते इतकंच की तो आपोआप थिजला. मग मी खडीवर पालथा होतो. पाठीवर गुडघा, मनगटांत प्लॅस्टिकची पट्टी, गाल खडीत रुतलेला. अंगावरून हात फिरवणाऱ्याला मांडीवरच्या खिशात दोन गोल डबे लागले. त्यानं एक अर्धा बाहेर काढला. वायरी दिसल्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते नियमाप्रमाणेच असेल. पाठीवरचा गुडघा उठला, बूट धावत लांब गेले, आणि सगळे काँक्रीटच्या भिंतीआड झाले. उजेड तेवढा माझ्यावर राहिला. मी हात बांधलेल्या अवस्थेत त्या दोन कॅपेसिटरांसोबत तिथे पडून होतो. पंप चालू होता. गोळीची भीती गेली होती. दुसरीच काहीतरी भीती होती, जिला मला अजून नाव देता येत नाही. मी फुटणार आहे असं इतक्या लोकांना खात्रीनं वाटत होतं की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. आपल्या अंगावर आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी आहे असं वाटलं.

आणि मी ओरडायला लागलो.

आधी इंग्रजीत म्हणालो, मी एसीवाला आहे. मग म्हणालो, मी इंडियन आहे. भिंतीआडून फक्त ‘हलू नकोस’ एवढंच येत होतं. मग मी म्हणालो, मी अफगाण नाही. नॉट अफगाण. हे मी कितीतरी वेळा म्हणालो. आणि त्यानंही काही होईना तेव्हा मी म्हणालो, नॉट मुस्लिम. हिंदू. आय ॲम हिंदू. घसा बसेपर्यंत तेच.

वीसेक मिनिटांनी आमचा फिलिपिनो फोरमन कामाचा कागद हातात उंच धरून धावत आला. सगळं स्पष्ट झालं. एका थोराड सार्जंटनं माझ्या हातातली पट्टी कापली, मला धरून उभं केलं, खांद्यावर हात ठेवला, ‘तू ठीक आहेस’ असं म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. आवाजात दुष्टपणा नव्हता. त्याच्यामागे उभा असलेला पोरगा, ज्याचा गुडघा माझ्या पाठीवर होता असं मला उगाच वाटलं, विशीचाही नसेल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि बंदूक धरलेले हात थरथरत होते. परक्या मुलखात येऊन त्याला जेमतेम आठवडा झाला असेल आणि त्याला पढवलेलं असणार की अशाच माणसापासून मरण येतं. मी त्याच्या आईचा विचार केला. खरंच केला, आणि आजही त्याच्यावर माझा राग नाही.

काम अर्धवट होतं. कागद उघडा होता. फोरमन म्हणाला सकाळी कर, पण आत माणसं घामानं भिजलेली होती आणि पंप नळी ओढतच होता. मी पुन्हा खाली बसलो. बाटली उघडून गॅस भरला. गेजचा काटा मला नीट दिसेना, तो हलतोय की मी हलतोय ते कळेना. कामाच्या कागदावर शेवटी सहीची जागा असते, ज्याच्याकडे काम केलं त्याची. त्या पोरांतल्याच एकानं सही केली. अक्षर शाळकरी होतं.

खोलीवर आलो तेव्हा भाई जागे होते. बातमी माझ्याआधी पोचली होती. ‘हात दाखव,’ म्हणाले. मनगटांवरचे वळ बघून त्यांनी काही न बोलता बाम काढला आणि चोळत बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, ‘काय बोललास रे त्यांना?’

मी म्हणालो, ‘इंडियन आहे म्हणालो.’

‘बरोबर,’ भाई म्हणाले आणि दुसरं मनगट हातात घेतलं.

ज्या माणसाच्या बोटांना माझ्या हातांचा बाम लागलेला होता त्याला मी खोटं बोललो. तो बोळ, तो उजेड, ते डबे, हे सगळं तसंच ठेवून माझ्या जागी भाई असते तर ते काय ओरडले असते? त्यांच्याकडे ओरडायला काय उरलं असतं? हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना, आणि तेव्हापासून तो मी कोणाला विचारलेला नाही. भाई आता राजापुरात असतात. ते हे वाचतील. वाचावं म्हणूनच लिहायला बसलोय. भाई, मी एवढंच म्हणालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी काका आले. गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्या मनगटांकडे पाहिलं आणि दुपारी, बाकीची पोरं सावलीला गेल्यावर, जवळ येऊन बसले. त्यांनीही तेच विचारलं. ‘तुम ने क्या बोला उन को?’ मला काकांना फसवता आलं नाही. निम्मं सांगितलं. ‘बोला, मैं अफगाणी नहीं हूं. इंडियन हूं.’

काका माळेचे मणी ओढत राहिले. मग म्हणाले, ‘अच्छा किया. सही बोला.’

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. बापानं मुलाला सांगावं तसं ते म्हणाले, की जीव वाचवायला हेच बोलायला हवं होतं. आणि मला त्या क्षणी कळलं की मी त्या बोळात नेमकं काय ओरडत होतो. तुम्ही माणूस चुकलात, असं मी सैनिकांना सांगत होतो. मी तो नाही. तो दुसरा आहे. त्याला हे चालेल, मला नाही. ज्याला चालेल तो माणूस माझ्या शेजारी बसून मला धीर देत होता, आणि संध्याकाळी मी त्याला मोजून गेटबाहेर सोडणार होतो. सैनिकांनी मला ओळखण्यात चूक केली ती वीस मिनिटांसाठी. माझ्याकडून दीड वर्ष रोज सकाळ-संध्याकाळ तीच चूक होत होती, रजिस्टरात, सहीनिशी.

आमच्या शाळेत इतिहासाचे गुरुजी होते. पानिपत शिकवताना त्यांना भरून यायचं. पण एका शब्दाशी आले की त्यांचा आवाज कडवट व्हायचा: बाजारबुणगे. फौजेपाठी निघालेले वाणी, लोहार, चांभार, हलवाई, मोतद्दार, यात्रेकरू, बायकापोरं. त्यांच्यामुळे फौज जड झाली, त्यांच्या पोटासाठी धान्य संपलं, त्यांच्यापायी आपण हरलो. वर्गात कोणी दंगा केला की गुरुजी त्याच शब्दानं झोडायचे. आम्हीही मैदानावर एकमेकांना तेच म्हणायचो. मराठीत तो शब्द शिवी म्हणूनच राहिला.

कंदाहार ही अहमदशाह अब्दालीची राजधानी होती, आणि त्याची कबर तिथेच आहे. आमच्या तळापासून सतरा-अठरा किलोमीटरवर. मला ती कधी दिसली नाही, पण त्या दिवसांत मनात सारखी यायची. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर पडलेल्यांत लढणाऱ्यांच्या जोडीला ही न लढणारी माणसंही हजारोंनी होती, आणि जी वाचली त्यांतल्या कितीतरी बायकामुलांना गुलाम करून याच दिशेला नेलं. फौजेचे घोडे नालाशिवाय चालत नव्हते आणि नाल ठोकणारा बाजारबुणगा होता. आपण अडीचशे वर्षं त्या लोहाराला दोष देत आलो. मी स्वतः त्याच जातीचा माणूस झाल्यावर मला हे दिसलं, त्याआधी दिसलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागलेलं ते पत्र सगळ्यांना ठाऊक आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती कोण ते पाठ असतं: विश्वासराव आणि भाऊ. मोहरा कोण तेही अभ्यासक सांगतात. खुर्दा म्हणजे चिल्लर.

आमच्या युद्धातही हेच होतं. सैनिक पडला की त्याचं नाव, वय, गाव, फोटो जाहीर व्हायचा, तळावर विमानापर्यंत दुतर्फा सैनिक उभे राहायचे, सलामी व्हायची. ती सलामी मी लांबून पाहिली आहे आणि माझेही डोळे भरले आहेत. कंत्राटी कामगार गेला की खाट रिकामी व्हायची. अमेरिकेचा १९४१ सालचा डिफेन्स बेस ॲक्ट नावाचा कायदा आहे. परदेशातल्या तळांवर कंत्राटदारांकडे राबणाऱ्यांचा विमा त्याखाली उतरवावा लागतो. किती कामगार मेले याचा अंदाज लोक बांधतात तो याच विम्याच्या दाव्यांवरून. ज्याच्या घरच्यांना दावा करायचा असतो हेच माहीत नसतं तो कुठल्या आकड्यात येत असेल? आणि मी ज्यांना रोज ‘४’ लिहायचो ते?

ऑक्टोबरमध्ये काकांनी पुन्हा डाळिंब आणलं. या वेळी त्यांनी ते पुढे केलं नाही, गाडीच्या फळीवर ठेवलं आणि स्वतःच फोडलं. मी हात पुढे केला. दाणे काळपट लाल, मोठे, मऊ बियांचे. रस मनगटापर्यंत ओघळला, वळ उठले होते तिथपर्यंत. काका हसले. ‘तुम्हारे यहां होता है?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, होतं, आमच्या सोलापूरकडे खूप होतं, पण मी समुद्राकडचा, आमच्याकडे आंबा. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. कसा असतो, म्हणाले. मी सांगायचा प्रयत्न केला. पाणी संपतच नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, जणू असं काही असणं बरं नव्हे.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी गेटवरून तीनच जण आत आले. काका नव्हते. बॅज काढून घेतला, एवढंच एका पोरानं सांगितलं. का, ते त्याला माहीत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. बॅज अनेक कारणांनी काढून घेत: गावातल्या कोणाशी नाव जुळलं, कोणी चुगली केली, यंत्रात बोटांचे ठसे बसले नाहीत. गेटवरच्या कार्यालयात जाऊन विचारता आलं असतं. तिथला कारकून माझ्या ओळखीचा होता, त्याच्या खोलीचा एसी मीच दुरुस्त केला होता. पण विचारायला जायचं तर नाव सांगावं लागलं असतं, आणि मला काकांचं नाव माहीत नव्हतं. शिवाय अफगाण माणसाची चौकशी करणाऱ्याचीही चौकशी होते, हा विचार त्याआधीच मनात येऊन गेला होता.

तिघं गाडीजवळ उभे होते. थंडी होती, ते हातांवर फुंकर घालत होते. मी रजिस्टर उघडलं, ‘आत ३’ लिहिलं, सही केली आणि गाडी सुरू केली.